सरकीच्या पोत्याखालचं नाव

"चांगला डिंक द्या" म्हणत दुकानात शिरलेल्या माणसाला मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही सरळ डिंक दिला नाही. आधी विचारायचो, "कशाला काय चिकटवायचंय?" माणूस चिडायचा. "तुमाले काय करा लागते? डिंक हाये का नाई तेवढं सांगा ना." मग मीही चिडायचो. यवतमाळात माझ्यापेक्षा मोठी प्लायवूडची दुकानं पुष्कळ होती, पण "थो भाऊ डिंक देत नाई, परीक्षा घेते" ही ख्याती फक्त माझ्याच दुकानाची होती.

आमच्या घरातल्या तीन पिढ्या कचेरीत गेल्या. मी बी.कॉम. होऊन प्लाय, व्हिनियर आणि डिंकाचं दुकान टाकलं, तेव्हा वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी देव्हाऱ्याची निघालेली पट्टी पिशवीत घालून दुकानात आले आणि म्हणाले, "हे जमतं का बघ." ते जमलं. त्यानंतर ते लोकांना "मुलगा व्यवसायात आहे" असं सांगू लागले. कोणत्या व्यवसायात, ते मात्र शेवटपर्यंत सांगत नसत.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. व्हिनियर म्हणजे सागाच्या ओंडक्यावरून सोलून काढलेला पातळ पापुद्रा. साध्या फळीवर तो चिकटवला की फळी सागाची दिसते. यात फसवणूक काही नाही, वरचा साग खराच असतो. पण पापुद्रा आणि फळी यांच्यामध्ये जे असतं त्यावर सगळं अवलंबून, आणि तेच कोणाला दिसत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी कोपरा सुटतो, मध्येच फोड येतो, नखाने वाजवलं तर पोकळ आवाज येतो. मग लोक डिंक मागायला येतात.

डिंक मुख्यतः चार. पहिला पांढरा, डब्यातला, सगळ्यांच्या ओळखीचा. तो पाण्यात केलेला असतो आणि दाबून ठेवायला वेळ मागतो. दुसरं पिवळं रबराचं सोल्यूशन. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं, जागच्या जागी पकडतं. सुतारांचं ते फार लाडकं, कारण काम संपवून दिवसाउजेडी घरी जाता येतं. पण मे महिन्यात आमच्याकडे ऊन तापलं की हेच सोल्यूशन आतल्या आत मऊ पडतं आणि व्हिनियर पुरीसारखं फुगतं. तिसरा दोन ट्यूबा मिसळून करायचा. तो दगडासारखा होतो, आणि एकदा लावला की पुढे कोणाला काही करता येत नाही. चौथा सरस.

सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना डिंक. त्याचे खडे रात्री पाण्यात भिजवायचे, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून शिजवायचे. वास असा, की शेजारचा कापडवाला उदबत्ती लावायचा. माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसणारे हबीब मिस्त्री या सरसाचे भक्त. मी त्यांना हबीबभाई म्हणायचो. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. कोणी दुरुस्ती घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "देवघर तं नाई ना?" देवघर असलं तर सरस नाही, पांढरा डिंक. हा त्यांचा स्वतःचा नियम होता, कोणी सांगितलेला नाही. बाकी सगळीकडे मात्र सरस. मी सोल्यूशनची बाजू घेतली की म्हणायचे, "भाऊ, सरसाचं काम पुढचा मिस्त्री उघडू शकते. सोल्यूशनचं काम उघडाले गेला का तो तुमच्या सात पिढ्याइचा उद्धार करते."

मी ऐकायचो आणि सोल्यूशनच विकायचो. कारण गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं, आणि खरं सांगायचं तर शहाणपणा माझ्या अंगात मुरायला बराच वेळ लागला.

उमरखेडचे एक वकीलसाहेब आठवतात. त्यांच्या ऑफिसात खुर्चीच्या मागे सागाच्या व्हिनियरची भिंतभर पॅनेलं होती. दर उन्हाळ्यात ती उखडायची. दर उन्हाळ्यात त्यांचा निरोप यायचा की तुमचा डिंक भेसळीचा आहे. तिसऱ्या वर्षी मी एस.टी.ने स्वतः गेलो. पाहतो तर हत्तीएवढा कूलर बरोब्बर पॅनेलांवर ओला वारा फेकत होता. मी म्हणालो, "साहेब, कूलर सरकवा." ते म्हणाले, "मग अशील उकडून मरतील." मी म्हणालो, "मग पॅनेलं काढा." ते म्हणाले, "मग अशील दुसऱ्या वकिलाकडे जातील." शेवटी त्यांनी दोन्ही ठेवलं आणि मला नोटीस पाठवायची धमकी दिली. पुढे दर मे महिन्यात आमचं हे भांडण ठरलेलं असे, आणि ते संपलं की ते मला पानं खिलवत.

कापसाच्या त्या वाईट वर्षांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी काउंटरवरून दिसलं तेवढंच सांगतो. लग्नाच्या हंगामात नवा पलंग, नवी अलमारी करणारे लोक येईनासे झाले. जिनिंगवाल्यांनी बंगल्यांची कामं अर्धी टाकली. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी जिथून माल उचलायचो, तिथला गोदामवाला भर दुपारी झोपलेला सापडायचा. आणि दुसरीकडे दुरुस्ती वाढली. वीस वर्षांची दारं, बापाचं टेबल, आईचं कपाट, सगळं लोक रिक्षात घालून आणू लागले. एरवी फेकून दिलं असतं अशा वस्तूंशी जिल्हाभर माणसं नव्याने प्रेमाने वागू लागली होती. हबीबभाईंना त्या दोन-तीन वर्षांत उसंत नव्हती.

अशाच एका डिसेंबरात दारव्ह्याहून एक माणूस आला. खाकी शर्ट, डोक्याला रुमाल, खांद्यावर निळं फडकं. दाराशी उभा राहून म्हणाला, "भाऊ, माह्या पोरीचं नाव उखडून राह्यलं. डिंक पाह्यजे."

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "कशाला काय चिकटवायचंय?"

"सांगतलं ना. नाव."

हा उकंडा राठोड. दारव्ह्याच्या एका शाळेत शिपाई, दर शनिवारी सगळी शाळा झाडूनपुसून काढणारा. त्या शाळेत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर एक मोठा सागाच्या व्हिनियरचा फळा होता. दहावीला शाळेत पहिला आलेला विद्यार्थी, दर वर्षी एक नाव, पेंटरने सोनेरी रंगात काढलेलं. शेवटून आठवी ओळ होती "कु. कविता उकंडा राठोड". त्याच्या तांड्यातून दहावी पास होणारी ती पहिली मुलगी, आणि पास होता होता शाळेत पहिली आली. आता उमरखेडला एका दवाखान्यात नर्स होती.

आणि त्या ओळीखालचं व्हिनियर सुटलं होतं. नव्या हेडमास्तरांनी सांगितलं होतं, हा जुनाट फळा काढून फोटोंचं रंगीत फ्लेक्स लावू, गेल्या पाच वर्षांच्या मुलांचं. पाच वर्षांच्या हिशेबात कविता बसत नव्हती. उकंडाने हातापाया पडून मुदत मागून घेतली होती. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनापर्यंत फळा नीट झाला तर राहील, नाहीतर उतरेल.

"फ्लेक्स तं दोन उन्हाळ्यात उडून जाते," उकंडा म्हणाला. "मंग माहं पोट्टं शाळेत होतं का नोतं, कोणाले समजन?"

मी विचारलं, "याआधी कोणी काही लावलं होतं का त्याला?"

"हो ना. चार-पाच वर्षं झाले, खालचा कोपरा उघडला होता. ड्रॉइंगच्या सरानं तुमच्याच दुकानातून पिवळा डबा आणला होता."

माझे कान गरम झाले. मला ते सर आठवले. मी त्यांना कशाला काय, हे विचारलं होतं की नाही, ते मात्र आठवेना. हबीबभाई बाकावरून म्हणाले, "ऐका भाऊ, सात पिढ्याइचा उद्धार सुरू झाला."

जानेवारीतल्या एका रविवारी मी आणि हबीबभाई दारव्ह्याला गेलो. फळा भिंतीवरून उतरवून वऱ्हांड्यात दोन बाकांवर आडवा ठेवला होता. त्यासाठी कविता उमरखेडहून आली होती. शांत, नीटनेटकी मुलगी, केसांची घट्ट वेणी. बापाच्या मागे उभी राहून ती फळा पाहत होती.

हबीबभाईंनी नखाने सगळा फळा वाजवून पाहिला. डॉक्टर छाती ठोकून पाहतात तसं. खालच्या कोपऱ्यात माझं सोल्यूशन सुकून पिवळी पापडी झाली होती, तिथे व्हिनियरला फोड होते. हे अपेक्षितच होतं. पण बाकीच्या तीस-बत्तीस ओळींना काही झालं नव्हतं. जुन्या मिस्त्रीचं सरसाचं काम, ठणठणीत. आणि मग एकदम कविताची ओळ. तिच्याभोवती हाताच्या पंजाएवढ्या जागेत पॉलिश उडून लाकूड पांढुरकं पडलं होतं, कड वर उचलली होती. सोनेरी अक्षरं मात्र शाबूत होती, नुसती हवेत तरंगत होती.

कविताने विचारलं, "काका, बाकीचे सगळे नावं बरोबर हायेत. माहंच काहून उखडलं?"

हबीबभाईंनी पातळ सुरी कडेखाली घातली, हलकेच फिरवली आणि बाहेर काढली. सुरीच्या टोकाला एक निळा धागा आला होता. त्यांनी धाग्याकडे पाहिलं, मग उकंडाच्या खांद्यावरच्या फडक्याकडे पाहिलं.

मला सगळं एका क्षणात समजलं. दर शनिवारी शाळा सुटल्यावर हा माणूस फळा पुसत असणार. सगळा फळा एकदा, आणि ती एक ओळ पुन्हा, पुन्हा, पाण्याने भिजवलेल्या फडक्याने. कोरड्या उन्हाला सरस भीत नाही. आमच्याकडचे पन्नास उन्हाळे तो काढील. पण ओलाव्यापुढे त्याचं काही चालत नाही. दर शनिवारचं थोडं थोडं पाणी कडेतून आत गेलं आणि सरस धुऊन निघाला. पोरीचं नाव चकचकीत ठेवता ठेवता बापानेच ते सुटं केलं होतं.

हबीबभाई तोंड उघडणार, तेवढ्यात मी सुरीवरचा धागा बोटाने उचलून खिशात टाकला आणि म्हणालो, "अगं, चूक माझी आहे. तुमच्या सरांना मी चुकीचं सोल्यूशन दिलं. ते उन्हाने पातळ होऊन कोपऱ्यातून वर सरकलं आणि बरोबर तुझ्या नावाखाली येऊन बसलं."

डिंकाच्या इतिहासात याहून मोठी थाप कोणी मारली नसेल. सोल्यूशन वर चढत नाही, मधल्या ओळी सोडून तर मुळीच नाही. हबीबभाई माझ्याकडे पाहत राहिले. मी डोळ्यांनी विनवलं. मग ते खाकरले आणि म्हणाले, "हो बेटी. भाऊचं सोल्यूशन लय चालू चीज हाये."

उकंडाने खांद्यावरचं फडकं काढून मुठीत गुंडाळलं. मग त्याचा चेहरा उजळला. "मी म्हंतच होतो! याइच्याच दुकानचा डबा होता थो!"

आता खरं काम. पांढरा डिंक घातला तर पातळ व्हिनियर पाणी पिऊन फुगणार, आणि जुन्या सरसावर तो धड बसतही नाही. सोल्यूशनच्या वासानेच सोनेरी रंग विरघळला असता. दोन ट्यूबांचा डिंक म्हणजे पुढच्या मिस्त्रीचे हात बांधणं. इस्त्री फिरवून जुना सरस जागा करता येतो, पण त्या आचेने अक्षरांना फोड आले असते. राहिला ताजा, पातळ, कोमट सरस. तो जुन्या सरसात मिसळून जातो. तो आत घालायचा इंजेक्शनच्या सुईने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, अक्षराला न टोचता.

हबीबभाईंनी सुई धरली आणि त्यांचा हात थरथरला. वय झालं होतं. पुन्हा धरली, पुन्हा थरथरला. थंडीत सरस लवकर गोठतो, थांबायला वेळ नव्हता. कविता पुढे झाली. "द्या इकडे, चाचा. शीर सापडत नाई अशा म्हाताऱ्याइले मी रोज टोचतो," ती म्हणाली. (आमच्या भागात मुलीही "टोचतो" म्हणतात.) तिने बाही वर केली, ओणवी झाली आणि स्वतःच्या नावाखाली "क" पासून "ड" पर्यंत आठ ठिकाणी सुई घातली. एकाही अक्षराला धक्का लागला नाही. हबीबभाई म्हणाले, "बेटी, दवाखाना सोड, माह्याकडे ये."

दाबायला काय ठेवायचं, हा पुढचा प्रश्न. लाकडी ठोकळा ठेवला तर उंचवट्यांवर दाब पडतो, खोलगट जागा तशीच राहते. हबीबभाईंची यासाठी जुनी युक्ती होती, सरकीचं पोतं. कापसाच्या बियांचं पोतं अंगासरशी बसतं, सगळीकडे सारखं वजन देतं, आणि सकाळपासून उन्हात ठेवलं तर संध्याकाळपर्यंत कोमट राहतं. त्या वर्षी जिनिंग धड चालू नव्हती, सरकी मिळायची मारामार. उकंडाने घरून म्हशीची सरकी आणली होती. अक्षरांवर मेणकागद, त्यावर जुनं सतरंजीचं कापड, त्यावर उन्हात तापलेलं पोतं. मग आम्ही चौघं वऱ्हांड्यात मांडी घालून बसलो आणि कविताच्या आईने, तिच्या "याडी"ने, पाठवलेली भाकर आणि ठेचा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पोतं उचललं. हबीबभाईंनी नखाने वाजवलं. आवाज भरीव आला. कोपऱ्यातली सोल्यूशनची पापडी खरवडून तिथेही सरस भरला. फळा भिंतीवर चढवताना मागे लाकडाचे चार तुकडे ठेवले, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल लागणार नाही. आणि निघताना मी उकंडाला सांगितलं, "आता हा नवीन डिंक आहे. याला पाणी चालत नाही. फडकं कोरडं ठेवायचं." हे तर खोटंही नव्हतं.

"बराबर," उकंडा म्हणाला.

झेंडावंदनाला हेडमास्तरांनी फळ्याला हार घातला. फ्लेक्सही लागलं, शेजारच्या भिंतीवर. ते दोन उन्हाळ्यांत उडालं.

त्यानंतर मात्र दारव्ह्यात माझी जी बदनामी झाली, ती विचारू नका. उकंडा बाजाराच्या दिवशी भेटेल त्याला सांगायचा की यवतमाळच्या भाऊच्या डिंकाने माह्या पोरीचं नाव उखडलं होतं. दारव्ह्याच्या जीपमधून उतरणारी गिऱ्हाइकं दारातच विचारायची, "थो चालू डिंक तं नाई ना देत तुमी आमाले?" डिंक ओळखण्याचा ज्याला एवढा गर्व, त्याला हे ऐकून घ्यायचं म्हणजे जिवावर यायचं. एकदोनदा वाटलं, जाऊन खरं सांगून टाकावं. बाकावरून हबीबभाई म्हणायचे, "गिळा भाऊ, गिळा." मी गिळत राहिलो. आज ते नाहीत. त्या बाकावर नंतर मी कोणाला बसू दिलं नाही.

मी दुकान बंद करायचं ठरवलं तेव्हा उकंडा भेटायला आला. तोही निवृत्त झाला होता. त्याने आधी रिकाम्या बाकाला हात लावला. मग म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी तुमी खोटं बोलले."

मी काउंटरवरचे डबे सरळ करू लागलो.

"पाणी माह्या फडक्यातलं होतं. मिस्तरीनं माह्या खांद्याकडे पाह्यलं, तवाच समजलं मले."

"अरे, मग एवढी वर्षं सगळ्या दारव्ह्यात माझ्या नावाने शंख का केलास?" मी जवळजवळ ओरडलोच.

"पोरीसमोर तुमी मले वाचोलं," तो शांतपणे म्हणाला. "मंग ते तिले खरं वाटाले नोको? बापच बोलला नसता तं तिले शंका आली असती. म्हून सगळ्याइले सांगत राह्यलो." मग हात जोडून म्हणाला, "माफी करा. पण मी लय चांगली बदनामी केली तुमची."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी म्हणालो, "राहू दे उकंडाभाऊ. आता बदलू नको."

या अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मला हीच गोष्ट लिहायची होती, पण लिहिली तर उघडी पडणार होती. म्हणून कविताला फोन केला. ती आता उमरखेडच्या त्याच दवाखान्यात मोठी सिस्टर आहे. मी चाचरत चाचरत सगळं सांगितलं, पाणी, शनिवार, थाप. मला वाटलं, ती दुखावणार.

मग म्हणाली, "काका, थे निळं फडकं माह्या शाळेच्या स्कर्टचं होतं. याडीनं फाडून देल्लं होतं बाबाले. सुरीवरचा धागा तुमी खिशात टाकला, मी पाह्यलं होतं."

"मग तू इतकी वर्षं...?"

"बाबा एवढं मनापासून तुमचं नाव खराब करत होते, त्याइले कसं थांबवू?" ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "लिहा तुमी. बाबाले आता नीट दिसत नाई, मोतीबिंदू हाये. अंक आला का मीच त्याइले वाचून दाखवीन."